लुटुपुटीचें जाळें आणि खरी चूक

प्रयोगशाळा हा शब्द कानीं पडला कीं जुन्या पिढीच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें कांचेच्या नळ्या, स्पिरिटचा दिवा आणि गंधकाचा तो ओळखीचा वास हीं उभीं राहतात. संगणक-शाखेच्या प्रयोगशाळेंत यांपैकीं कांहींच नसतें. ओळीनें मांडलेलीं यंत्रें, आणि पडद्यावर काढलेलें एक चित्र: चार वर्तुळें व त्यांना जोडणाऱ्या तीन रेघा. हें चित्र म्हणजे संगणकांचें जाळें. तारा नाहींत, पेट्या नाहींत, दुसऱ्या टोकाला कोणी माणूसही नाहीं. एकाच यंत्राच्या पोटांत सगळें जाळें कल्पनेनें उभें केलेलें असतें. या विद्येला सिम्युलेशन म्हणतात. मुलांच्या भातुकलींत जसा लुटुपुटीचा संसार, तसें हें लुटुपुटीचें जाळें. भातुकलींतला भात मात्र कधीं करपत नाहीं. येथला करपतो, आणि तो कां करपला हें शोधण्यांत विद्यार्थ्यांच्या रात्री जातात.

पालघर आणि बोईसर-तारापूर या टापूंतील घरांना हा विषय आतां परका राहिलेला नाहीं. पालघरला मनोर रस्त्यावर सेंट जॉन आणि बोईसरला चिल्हार रस्त्यावर थीम, अशीं अभियांत्रिकीचीं महाविद्यालयें मुंबई विद्यापीठाच्या छत्राखालीं चालतात. सोनोपंत दांडेकर यांचें नांव घेतलें कीं तत्त्वज्ञान आणि वारकरी संप्रदाय यांची आठवण व्हावी. पण त्यांच्या नांवानें पालघरला चालणाऱ्या महाविद्यालयांतही माहिती-तंत्रज्ञानाचे वर्ग भरतात. २०१३ सालीं लोकल गाड्या डहाणूपर्यंत धावूं लागल्यापासून तर मुंबईच्या महाविद्यालयांत रोज जाऊन येणेंही शक्य झालें. वडील अणुवीजकेंद्रांत अथवा औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत, आणि मुलें संगणक-शाखेंत, अशीं घरें या भागांत सहज आढळतात. पुढें जें लिहिलें आहे तें कोणत्याही एका संस्थेविषयीं नव्हे. हा विषय जेथें जेथें शिकविला जातो तेथें तेथें थोड्याफार फरकानें हेंच चालतें.

रात्रीचीं जेवणें उरकलीं, घर निजलें, तरी एका खोलींत दिवा जळतच असतो. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकतात आणि शेवटीं एक इंग्रजी वाक्य उमटतें, ज्याचा भावार्थ ‘जमलें नाहीं’ एवढाच. आजोबा उठून विचारतात, “अरे, अभ्यास केव्हां करणार?” त्यांच्या लेखीं उघडें पुस्तक म्हणजे अभ्यास. चुलत भाऊ, जो दोन वर्षांपूर्वीं याच परीक्षेंतून पार पडला, तो उदारपणें म्हणतो, “कशाला डोकें शिणवतोस? माझी फाईल घे. आउटपुट छापलेलें आहे, तेंच चिकटव.” आजोबांच्या प्रश्नांत अज्ञान असेल, पण अपाय नाहीं. चुलत भावाच्या उदारपणांत मात्र त्या मुलाच्या सगळ्या शिक्षणाचें मोल बुडविण्याचें सामर्थ्य आहे, असें आमचें मत आहे; आणि तें कां, हें सांगण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

संगणक आपला मजकूर अखंड पाठवीत नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे करतो, प्रत्येकावर पत्ता घालतो आणि एकामागून एक वाटेला लावतो. या तुकड्यास पॅकेट म्हणतात; आपण पुडकें म्हणूं. १९८६ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत अमेरिकेंत या पुडक्यांच्या बाबतींत एक चमत्कारिक प्रकार घडला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचें बर्कली येथील आवार यांमधील अंतर अवघें चारशें यार्डांचें. रेल्वेच्या लांबशा फलाटाहून थोडें अधिक. त्या दोहोंमधील दुव्यावरून सेकंदाला ३२,००० बिट जात असत. एकाएकीं हा वेग ४० बिटांवर आला, म्हणजे आठशांवा हिस्सा उरला. तार तुटली नव्हती, यंत्र बिघडलें नव्हतें. जो तो संगणक आपलें पुडकें पोंचलें नाहीं असें समजून तेंच पुन्हां पुन्हां पाठवीत होता, आणि त्या पुनरुक्तीनेंच वाट तुंबली होती. व्हॅन जेकबसन यांनीं मायकेल कॅरल्स यांच्या साह्यानें याचा छडा लावला आणि १९८८ सालच्या निबंधांत उपाय मांडला: पुडकें हरवलें असें दिसतांच पाठविणाऱ्यानें हात आंखडता घ्यावा, आणि वाट मोकळी होत जाईल तसा तो हळूहळू सैल सोडावा. आज इंटरनेट वारंवार तुंबून पडत नाहीं, याचें पुष्कळसें श्रेय या शिस्तीस आहे.

परंतु अशी शिस्त योग्य कीं अयोग्य हें ठरवावयाचें कसें? चालत्या जाळ्यावर प्रयोग करणें म्हणजे भर बाजाराच्या दिवशीं रहदारीचे नवे नियम अजमावून पाहणें. यासाठीं कल्पनेंतलें जाळें हवें होतें. याच सुमारास बर्कली येथें संशोधन करीत असलेले एस. केशव, दिल्लीच्या आय.आय.टी.चे पदवीधर, यांनीं ‘रिअल’ नांवाचें सिम्युलेशन सॉफ्टवेअर लिहिलें. त्या रोपट्याचें कलम होऊन १९८९ सालीं ‘एनएस’ निघालें. १९९५ पासून अमेरिकेच्या संरक्षण-खात्यांतील डार्पा या संशोधन-संस्थेच्या द्रव्यसाह्यानें तें वाढलें आणि एनएस-२ या नांवानें जगभरच्या विद्यापीठांत पोंचलें. मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या आराखड्याप्रमाणें शिकलेल्या संगणक-अभियांत्रिकीच्या मुलामुलींच्या तोंडीं एनएस-२ आणि पॅकेट ट्रेसर हीं दोन नांवें बसलेलीं आहेत. खरे राऊटर आणि स्विच प्रत्येक विद्यार्थ्यापुढें मांडावयाचे म्हटलें तर खर्च कोणत्याच संस्थेला झेपणार नाहीं, हें सिम्युलेशनचें एक कारण झालें. पण हें साधन केवळ काटकसरीपोटीं आलेलें नाहीं. खऱ्या जाळ्याचा बिघाड समजून घेण्यासाठींच तें जन्मलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

अडचणींना आरंभ येथेंच होतो. एनएस-२ ची शेवटची आवृत्ति, २.३५, ही नोव्हेंबर २०११ मध्यें निघाली. त्याच घराण्यांतील एनएस-३ तर २००८ सालींच जन्मलें होतें. परंतु ती जुन्याची सुधारलेली आवृत्ति नसून सर्वस्वीं नवी बांधणी असल्यामुळें जुने प्रयोग तिच्यावर जसेच्या तसे चालत नाहींत, आणि अनेक शिक्षणसंस्था जुन्यालाच धरून राहिल्या. आतां सॉफ्टवेअर हें कांहीं लोणच्यासारखें मुरत नाहीं. बरणीला हात न लावतां, भोंवतालची हवा बदलली एवढ्यानेंच तें नासतें.

एनएस-२ चा मूळ मजकूर आणून तो आपल्या यंत्रावर बांधून घ्यावयाचा, ही रूढ रीत आहे. बांधण्याचें काम कंपायलर करतो. माणसानें लिहिलेल्या आज्ञांचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करणारा हा दुभाषा होय. लिनक्सवर या कामीं जीसीसी हा कंपायलर असतो. मार्च २०१२ मध्यें जीसीसीची ४.७ ही आवृत्ति आली, आणि तिनें एक जुनी सवलत बंद केली. एनएस-२ ची शेवटची आवृत्ति निघून तेव्हां अवघे चार महिने झाले होते!

सवलत कोणती, तें घरगुती उदाहरणानें सांगतां येईल. एकत्र कुटुंबांत कोणी ओटीवरून हांक मारली कीं “डबा आणा”, तर जुना गडी डबा कोणाचा हें न सांगतांच ओळखतो. नवा गडी दारांत उभा राहून विचारतो, “कोणाचा डबा?” आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाहीं. एनएस-२ च्या ‘लिंकस्टेट’ या कप्प्यांत ‘एलएस.एच’ नांवाची फाईल आहे; तिच्या १३७ व्या ओळींत ‘पुसून टाक’ अशा अर्थाची एक आज्ञा आहे. ही आज्ञा त्या वर्गाला पूर्वजाकडून वारशानें मिळालेली, पण ती कोणाची हें तेथें लिहिलेलें नाहीं. जुना कंपायलर वारसा आपण होऊन शोधून काढी. नवा अडून बसतो. उपाय एका शब्दाचा आहे. आज्ञेच्या आधीं ‘धिस’, म्हणजे ‘ही माझीच’, असा शब्द आणि बाणाची खूण घालावयाची. तेवढ्यानें हा अडथळा दूर होतो.

मग एका शब्दासाठीं रात्र कां जावी? कारण यंत्राची तक्रार उलट्या बाजूनें वाचली जाते. बांधणी फसली कीं पडद्याच्या तळाशीं जी ओळ येते ती फक्त एवढेंच सांगते कीं एनएसची बांधणी झाली नाहीं. विद्यार्थी तीच ओळ उतरून घेतो आणि तिच्यावर औषध विचारीत फिरतो. पूर्वींच्या काळीं ‘प्रकृति बिघडली, निघून या’ अशी तार येई, त्यांतलाच हा प्रकार. दुखणें कोणतें हें त्या तारेंत नसतें. तें पुष्कळ वर, कित्येक ओळी मागें, जेथें ‘एरर’ हा शब्द प्रथम आला तेथें फाईलीच्या नांवासह आणि ओळीच्या क्रमांकासह लिहिलेलें असतें. खालच्या तक्रारींतील पुष्कळशा त्या पहिलीच्याच पोटांतून निघालेल्या असतात. वर सरकून पहिली तक्रार सावकाश वाचणें, ही या विद्येची पहिली पायरी आहे आणि, आमच्या समजुतीप्रमाणें, सर्वांत उपेक्षितही तीच आहे. ज्या मुलाला कोणी १३७ व्या ओळीचा उतारा आयता सांगितला त्याचें काम पांच मिनिटांत झालें. ज्यानें ती ओळ स्वतः शोधली त्याला दोन तास लागले. नोकरींत पहिल्याच आठवड्यांत जी तक्रार पुढें येईल तिचा उतारा आयता सांगणारा कोणी नसेल, तेव्हां या दोघांपैकीं कोणाचा वेळ फुकट गेला हें वडील मंडळींनींच ठरवावें.

बांधणी पार पडली तरी दुसरें विघ्न दारांत असतें. ‘एनएस’ असें लिहून कळ दाबावी तों उत्तर येतें कीं अशी आज्ञाच सांपडत नाहीं. वस्तु घरांत आली खरी, पण ती कोणत्या फडताळांत ठेवली हें कोणास सांगितलेलें नाहीं, तशी ही गत. बांधणीच्या शेवटीं पडद्यावर कांहीं पत्ते छापून येतात आणि ते अमुक ठिकाणीं नोंदवा अशी स्पष्ट सूचनाही असते. पण काम झाल्याच्या आनंदांत सूचना वाचण्याचें भान कोणास राहतें?

पॅकेट ट्रेसर हें दुसरें सॉफ्टवेअर सिस्को कंपनीचें. १९९७ सालीं सुरू झालेल्या तिच्या नेटवर्किंग ॲकॅडमींत शिकणाऱ्यांसाठीं तें केलें गेलें. येथें बांधणीची कटकट नाहीं आणि चित्रें सुबक आहेत. चुका मात्र अधिक फसव्या. कधींकधीं तर चूक नसतांच ती भासते. स्विचला तार जोडली कीं दुव्यावर नारिंगी खूण उमटते आणि अर्धा मिनिट तशीच राहते. हा अर्धा मिनिट स्विच आपली वाट वर्तुळांत तर फिरत नाहीं ना, हें पाहण्यांत घालवितो: पंधरा सेकंद ऐकणें, पंधरा सेकंद शिकणें. रॅडिया पर्लमन या विदुषीनें १९८५ सालीं शोधलेल्या युक्तीचा हा भाग आहे, आणि ती नसती तर एकच पुडकें स्विचांच्या वर्तुळांत फिरतां फिरतां वाढून सगळें जाळें बुडवितें. उतावळा विद्यार्थी नारिंगी खूण पाहून तार उपटतो आणि पुन्हां जोडतो. अर्धा मिनिट पुन्हां पहिल्यापासून मोजला जाऊं लागतो. अशा प्रकारें पाऊण तास घालविणें मुळींच अवघड नाहीं. तसेंच पहिल्या हांकेचें. एका संगणकावरून दुसऱ्याला प्रथमच हांक मारली कीं पहिलें पुडकें बहुधा हरवतें आणि पुढचीं पोंचतात. कारण पहिल्या वेळीं शेजाऱ्याचा यंत्रपत्ता विचारण्यांतच वेळ जातो. हें ठाऊक नसलेला विद्यार्थी धडधाकट जाळें मोडून टाकतो.

खरा दोष असेल तेव्हां तो शोधावा कसा? समजा, चित्रांत एक कचेरी पालघरची आणि दुसरी बोईसरची अशी मांडली आहे. मध्यें दोन राऊटर. पालघरच्या संगणकावरून बोईसरला हांक मारली, उत्तर नाहीं. येथें पुष्कळ विद्यार्थी सगळें चित्र पुसून पहिल्यापासून मांडूं लागतात, आणि तीच चूक नव्या हुरुपानें पुन्हां करतात. विरारहून सुटलेली डहाणूची गाडी बोईसरला आली नाहीं, तर जाणता प्रवासी काय करतो? गाडीनें केळवे रोड सोडलें कीं नाहीं एवढेंच तो विचारतो. सोडलें असेल तर वैतरणा-सफाळ्याची काळजी त्यानें करावयाची नाहीं. खोळंबा पालघर-उमरोळीच्या बाजूला. एका प्रश्नांत अर्धा मार्ग निर्दोष ठरला. जाळ्यांतही हांक प्रथम स्वतःला मारावी, मग शेजारच्या संगणकाला, मग आपल्या राऊटरच्या अलीकडच्या दाराला, मग पलीकडच्या. जेथपर्यंत उत्तर येतें तेथपर्यंतचें जाळें सोडून द्यावें.

अशा शोधांत जे दोष सांपडतात ते बहुतेक ठराविक असतात. राऊटरचें दार जन्मतःच बंद असतें. ‘नो शटडाऊन’, म्हणजे ‘बंद राहूं नकोस’, अशी दुहेरी नकाराची आज्ञा दिल्यावांचून तें उघडत नाहीं. (सरळ ‘उघड’ अशी आज्ञा कां ठेवली नाहीं, हें त्या कंपनीसच ठाऊक!) संगणकाला स्वतःचा पत्ता दिलेला असतो, पण परगांवचें पुडकें कोणाच्या हवालीं करावयाचें तो दाराचा पत्ता, म्हणजे ‘डिफॉल्ट गेटवे’, भरावयाचा राहतो. आणि सर्वांत चकविणारा दोष परतीच्या वाटेचा. पालघरच्या राऊटरला बोईसरची वाट सांगितलेली असते, बोईसरच्या राऊटरला पालघरची सांगितलेली नसते. पत्र पोंचतें, उत्तराला रस्ता नाहीं. पाठविणाऱ्याला मात्र वाटतें कीं पत्रच पोंचलें नाहीं, आणि तो आपल्याच बाजूला दोष शोधीत बसतो.

आतांपर्यंतचे दोष ओरडणारे आहेत. यंत्र हटून बसतें, आणि कांहींतरी चुकलें एवढें तरी कळतें. याहून वाईट तो मुका दोष, ज्यांत सगळें सुरळीत चालतें.

एनएस-२ शिकवितांना एक ठराविक प्रयोग सर्रास वापरला जातो. चार ठाणीं असतात. पहिलें आणि दुसरें हीं तिसऱ्याशीं जोडलेलीं, तिसरें चौथ्याशीं. पहिले दोन दुवे सेकंदाला २० लक्ष बिटांचे, शेवटचा १७ लक्षांचा. पहिल्या ठाण्याहून टीसीपीनें, म्हणजे जेकबसनच्या शिस्तीनें, एक फाईल चालली आहे. दुसऱ्याहून यूडीपीचा प्रवाह कोणतीच शिस्त न पाळतां सेकंदाला १० लक्ष बिट ओततो आहे. तिसऱ्या ठाण्यावर रांग लागते, आणि त्या रांगेंत फक्त १० पुडक्यांना जागा ठेवलेली असते. रांग भरल्यावर जें येईल तें गळतें. चित्रांत तो लहानसा चौकोन खालीं पडतांना दिसतो. तें पाहावयाचें, आणि ‘गर्दीमुळें पुडकीं गळालीं’ असा निष्कर्ष फाईलींत लिहावयाचा.

आतां रांगेची मर्यादा सांगणारी एकच ओळ विद्यार्थ्याच्या हातून राहून गेली असें समजा. यंत्र तक्रार करीत नाहीं. मर्यादा सांगितली नाहीं तर एनएस-२ आपण होऊन ५० धरतें. प्रयोग चालतो, चित्र हलतें. फक्त पुडकें एकही गळत नाहीं. कां गळत नाहीं, याचा हिशेब पाटीवर करतां येईल. निराळें सांगितलें नसेल तर टीसीपी पोंच न मिळालेलीं २० हून अधिक पुडकीं वाटेवर ठेवीत नाहीं. एक हजार बाइटांचें पुडकें १७ लक्षांच्या दुव्यावर चढविण्यास सुमारें ४.७ सहस्रांश सेकंद लागतात, आणि यूडीपीचें नवें पुडकें दर ८ सहस्रांश सेकंदांनीं येतें. म्हणजे रांगेंतील एकेका पुडक्यामागें यूडीपीच्या ०.५९ पुडक्याची भर. टीसीपीचीं वीसच्या वीस पुडकीं त्या एकाच रांगेंत उभीं आहेत अशी कमाल धरली, तरी २० भागिले ०.४१, सुमारें ४९, एवढीच रांग होते. प्रत्यक्षांत त्यांतलीं कांहीं तारांवर असतात, म्हणून रांग याहूनही आंखूड. पन्नासाची जागा भरतच नाहीं.

अशा रात्रीं पडद्यावर दिसतें एक, आणि चुलत भावाच्या फाईलींत छापलेलें असतें दुसरें. विद्यार्थी कोणत्या गोष्टीवर विश्वास ठेवील? सबमिशनची तारीख जवळ आलेली, गुण फाईलीला. तो छापील कागद चिकटवितो आणि त्याखालीं लिहितो, ‘गर्दीमुळें पुडकीं गळालीं’. वाक्य खरें आहे, पुस्तकांतही तसेंच आहे. फक्त त्यानें तें पाहिलेलें नाहीं. पाहिलें तें याच्या उलट. आणि ‘माझ्या यंत्रावर कां गळालीं नाहींत?’ या प्रश्नांतच टीसीपी, रांग आणि मर्यादा यांचा सगळा धडा होता. ज्या एका रात्रीं तो विषय त्याला खरोखर समजला असता, ती रात्र डिंकाच्या बाटलीनें संपली.

डोळ्यांना दिसलेलें आणि कागदावर आयतें आलेलें यांतलें खरें कोणतें, हा प्रश्न आमच्या वाचकांच्या घराण्यांना नवा नाहीं. गणेश दैवज्ञांनीं १५२० च्या सुमारास ग्रहलाघव रचलें, आणि पुढें शेंकडों वर्षें महाराष्ट्रांतील पंचांगें त्यावरून होत आलीं. रीत सोपी, बेरीज-वजाबाकी बिनचूक. तरी काळ लोटला तसा गणित आणि आकाश यांचा मेळ बसेनासा झाला. केरो लक्ष्मण छत्रे आणि लोकमान्य टिळक यांनीं आग्रह धरला तो याचसाठीं कीं, पंचांग आकाशाशीं जुळलें पाहिजे, मागल्या पंचांगाशीं नव्हे. प्रयोगाची फाईल मागल्या वर्षाच्या फाईलीशीं जुळविणारा विद्यार्थी मागल्या पंचांगावरून पुढचें पंचांग करीत आहे. येथें आकाश म्हणजे पडदा. पुढें नोकरींत तो पडदाही पंचांगाच्या जागीं जातो आणि खऱ्या तारा हें आकाश होतें. तेव्हां नियम तोच राहतो, मोल मात्र वाढतें.

बोईसर-तारापूरच्या लोकांना हें मोल निराळें सांगावयास नको. औद्योगिक वसाहतींत रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. अशा कारखान्यांत हल्लीं तापमान, दाब आणि द्रवाची पातळी मोजणारीं उपकरणें आपली वार्ता नियंत्रण-कक्षास जाळ्यावरून कळवितात. तेथें एखादें पुडकें गळालें कीं नाहीं, हा परीक्षेंतला प्रश्न उरत नाहीं. जें दिसलें नाहीं तें ‘दिसलें’ असें लिहिण्याची संवय ज्याला विसाव्या वर्षीं लागली, त्याच्या हातची नोंदवही तेथें उद्यां कोणी विश्वासानें वाचणार आहे.

उपायही याच परिसराला परिचित आहे. अणुवीजकेंद्राच्या चालकांना प्रत्यक्ष नियंत्रण हातीं देण्यापूर्वीं नियंत्रण-कक्षाच्या प्रतिकृतीवर शिकवितात. ही पद्धति जगभर आहे. तेथें शिक्षक शिकणाऱ्यास न सांगतां मुद्दाम बिघाड घालतो आणि तो काय पाहतो, कोणत्या क्रमानें पाहतो, हें तपासतो. सुरळीत चालणारी प्रतिकृति दाखवून कोणीही चालकास उत्तीर्ण करीत नाहीं. संगणक-जाळ्याच्या प्रयोगशाळेंत नेमकें उलट चालतें: चालणारें जाळें दाखविलें कीं गुण, न चालणारें दाखविलें तर शून्य. पॅकेट ट्रेसरमध्यें मोडकें जाळें तयार करून विद्यार्थ्याच्या हातीं देणें शिक्षकास मुळींच अवघड नाहीं. एक दार बंद ठेवावें, एक परतीची वाट पुसावी, आणि अर्ध्या तासांत दोष शोधून तो कसा शोधला तें लिहावयास सांगावें. ही परीक्षा चुलत भावाच्या फाईलीनें देतां येणार नाहीं. तोंडी परीक्षेंतही ‘टीसीपी म्हणजे काय?’ याऐवजीं ‘तुमच्या प्रयोगांत पहिली तक्रार कोणत्या ओळीवर आली?’ असें विचारावें. कांहीं शिक्षक असें करीतही असतील. त्यांचे विद्यार्थी त्यांना त्या वेळीं दुवा देत नसतील, हें उघड आहे. मोठ्या वर्गांत, हातीं थोडा वेळ असतां, हें सर्वांना जमणार नाहीं, हेंही आम्ही जाणतों. निदान प्रत्येक प्रयोगाखालीं ‘काय अडलें आणि कसें सुटलें’ असा एक रकाना ठेवून त्याला दोन गुण द्यावयास कोणाची हरकत असूं नये.

घरच्यांना यांतलें तंत्र कळण्याचें कारण नाहीं. आजोबांनीं ‘अभ्यास केव्हां करणार?’ याऐवजीं ‘आज कोठें अडलें?’ असें विचारलें तरी पुष्कळ झालें. दुसऱ्यास समजेल अशा रीतीनें आपली अडचण सांगूं लागलें कीं निम्म्या वेळां ती सांगतां सांगतांच सुटते. संगणकाच्या धंद्यांतील जाणतीं माणसें ही युक्ति मुद्दाम वापरतात, आणि ऐकणाऱ्यास विषय कळण्याची तिला गरज नसते. जुनी फाईल मात्र घरांत कोणी कोणास देऊं नये. द्यावयाचीच तर प्रयोग करून झाल्यावर, ताळा पाहण्यापुरती द्यावी.

ज्या घरीं ही फाईल सध्यां लिहिली जात असेल त्यांनीं वरील चार ठाण्यांच्या प्रयोगांत थोडी भर घालावी. रांगेची मर्यादा १० वरून १५, २०, २५ अशी पांच-पांचांनीं वाढवीत न्यावी, आणि प्रत्येक वेळीं गळालेलीं पुडकीं मोजावीं. त्यासाठीं चित्राकडे डोळे लावून बसावें लागत नाहीं. एनएस-२ कडून घडलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद एका फाईलींत लिहवून घेतां येते, आणि तींत गळालेल्या पुडक्याची ओळ ‘डी’ या अक्षरानें सुरू होते. त्या ओळी तेवढ्या मोजाव्या. पन्नासाला शून्य येतें हें वर दाखविलेंच आहे. शून्य प्रथम कोणत्या मर्यादेला येतें तो आंकडा स्वतः काढून लिहावा, आणि त्याच्या शेजारीं तो काढतांना काय काय अडलें तेंही.